बादशहाभाईंची उदबत्ती

बादशहाभाईंच्या हातात उदबत्ती दिसली की नवा माणूस हमखास पायातल्या चपला काढायचा. मीही काढल्या होत्या. नोकरीचा पहिलाच दिवस. नगरहून निघालेली आमची गाडी मिरजगावच्या एका मैदानात येऊन थांबली आणि ड्रायव्हरच्या जागेवरून खाकी कोटातला, मेंदीने लाल झालेल्या दाढीचा एक उंच माणूस खाली उतरला. त्याने कोटाच्या खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि अगदी सावकाश गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. मी नर्स. ऑपरेशनच्या आधी डोळे मिटून हात जोडणारे मोठमोठे सर्जन पाहिलेले. म्हटलं, या गाडीचीही काही रीत असेल. चपला काढल्या, हात जोडले आणि उभी राहिले. एप्रिलची दुपार होती आणि पायाखालची माती तव्यासारखी तापली होती.

माझ्याजवळ आल्यावर ते थांबले. माझ्या पायांकडे बघितलं, जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि चेहऱ्यावरची एक रेष न हलवता म्हणाले, "बराबर हाय, सिस्टर. आसंच उभं ऱ्हायचं. हलायचं न्हाई."

मी हलले नाही. त्यांचा फेरा संपेपर्यंत तळपाय चांगलेच भाजले. संध्याकाळी पायांना खोबरेल तेल चोळत बसले होते, तेव्हा आमचे डॉक्टर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तुम्हालाही उभं केलं का? मला जानेवारीत केलं होतं. थंडी होती म्हणून वाचलो."

ही सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमची गाडी म्हणजे एका धर्मादाय संस्थेची एक्स-रेची गाडी. गावोगाव जाऊन लोकांच्या छातीचे फोटो काढायचे, क्षयाचे रोगी शोधायचे आणि त्यांना औषधाच्या मार्गाला लावायचं, हे आमचं काम. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं ते एक घरच होतं. पुढे फोटोची खोली, मध्ये फडताळाएवढी डार्करूम, मागे स्टोव्ह, घडीचं टेबल आणि रात्री खाली पाडायच्या दोन फळ्या. त्या फळ्यांवर डॉक्टर आणि डार्करूमचे दामले झोपायचे, बादशहाभाई बाहेर बाजेवर. माझी सोय गावात कुणा मास्तरीणबाईंकडे व्हायची. महिन्यातले वीस दिवस आमचा संसार असा चाकांवर असे. आणि गाडीच्या अगदी शेवटी, पत्र्याच्या कप्प्यात, जनरेटर होता. त्याच्याशिवाय फोटो नाही, दिवा नाही, पंखा नाही. हा जनरेटर आणि गाडी दोन्ही बादशहाभाईंच्या ताब्यात.

नाव बादशहा आणि राज्य एवढंसं, असं दामले म्हणायचे. पण त्या राज्यात त्यांचा कारभार कडक होता. जनरेटरला ते 'बेगम' म्हणत. सकाळी कप्प्याचं दार उघडून पत्र्यावर तळहात ठेवायचा, कान लावायचा आणि जाहीर करायचं, "बेगम आज खुशीत हाय," किंवा "आज लई रुसलीय, चाळीस फोटोच्या वर न्हाई व्हायचे." आणि खरोखरच एकेचाळिसाव्या फोटोला जनरेटर खोकायला लागायचा. बादशहाभाई नगरशेजारच्या भिंगारचे. लष्करी छावणीच्या वर्कशॉपात बरीच वर्षं नोकरी करून मग संस्थेकडे आलेले. तिथला खाकी कोट ते उन्हाळ्यातही घालत, कारण त्याला नऊ खिसे होते आणि एकही रिकामा नव्हता. एका खिशात पाना, एकात उदबत्त्यांचा पुडा, एकात सुपारी, एकात मुलीचं पोस्टकार्ड. ही मुलगी, शबाना, त्यांची एकुलती एक. तिचं पत्र आलं की ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे. स्वतःला वाचता येत होतं, पण बाईमाणसाच्या आवाजात पत्र ऐकलं की पोरगी समोर बसल्यागत वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर ती उदबत्ती. गाव कुठलंही असो, गाडी थांबली की पहिलं काम तेच. चारी कोपऱ्यांवर थांबायचं, हात खाली न्यायचा, वर न्यायचा, जनरेटरच्या कप्प्यापाशी जरा जास्त वेळ. कधी कधी एवढं झाल्यावर ते पुन्हा ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे आणि अख्खी गाडी वळवून लावायचे. दामल्यांचा अंदाज असा की ते गाडीचं तोंड पश्चिमेला करतात. पण गाडी एका गावात पश्चिमेला, दुसऱ्यात दक्षिणेला, तेव्हा तो अंदाज बारगळला. मग दामल्यांनी ठरवलं की ही काहीतरी नवसाची भानगड आहे. आम्ही एकदा विचारलंही. ते म्हणाले, "बेगमला श्वास सोडायला जागा पायजे, सिस्टर. तिची मर्जी इचारून घेतो." आम्ही हसलो आणि सोडून दिलं. ही बेगम भलतीच धार्मिक दिसते, एवढाच आमचा निष्कर्ष.

गावच्या बायकांनी तर हद्द केली. मिरजगावच्याच पुढच्या खेपेला एक म्हातारी हळदीकुंकवाची कोयरी आणि नारळ घेऊन आली. बादशहाभाईंचा फेरा चालू होता. तिने मुकाट्याने त्यांच्या मागोमाग गाडीच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि फेरा संपल्यावर त्यांना विचारलं, "बाबा, ह्यो नारळ कुठं फोडू?"

"पुढच्या चाकापाशी फोडा, आज्जी. पर आदी छातीचा फोटू काढून घ्या. मगच परसाद."

म्हातारीने फोटो काढला. तिला पाहून तिच्या चार सुना आल्या, सुनांना पाहून भावकी आली. त्या दिवशी आमची रांग पिंपळापर्यंत गेली. एरवी एक्स-रे म्हटलं की लोक पळायचे. आतली वीज अंगातली ताकद ओढून घेते असा समज होता. उदबत्तीमुळे गाडीला देवाधर्माचं अंग आलं आणि आमचं काम सोपं झालं. डॉक्टर म्हणाले, "चालू द्या, बादशहाभाई. औषधापेक्षा तुमचा गुण जास्त." बादशहाभाई खोबऱ्याचा तुकडा चघळत गालातल्या गालात हसत होते.

उदबत्तीखेरीज त्यांचे आणखी तीन हट्ट होते आणि तिन्ही दामल्यांच्या जिवावर यायचे. दामले म्हणजे बारीक, टापटिपीचे, सतत कुरकुर करणारे गृहस्थ. दिवसभर बंद डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्मा धुवायच्या, त्यामुळे बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध पत्र्याच्या भिंतीतून येणाऱ्या आवाजांपुरता. पहिला हट्ट, धुराड्याचा. जनरेटरचा धूर मूळ रचनेत गाडीच्या तळाखाली सुटायचा. बादशहाभाईंनी एका गुऱ्हाळवाल्याकडून पत्र्याची नळी पैदा केली, तिला कोपर बसवला आणि ती धुराच्या तोंडाला अडकवून गाडीच्या टपाच्या वर हातभर उंच काढली. गाडी थांबली की धुराडं चढवायचं, निघाली की उतरवायचं. लांबून आमची गाडी म्हणजे गूळ काढायला निघालेलं गुऱ्हाळच वाटायची.

दुसरा हट्ट, डार्करूममधल्या मोरीच्या भोकाचा. फिल्मा धुतलेलं पाणी ज्या भोकातून गाडीखाली जायचं, त्याला जनरेटर चालू असेपर्यंत लाकडी बूच मारून ठेवायचं. पाणी बादलीत साठवायचं आणि जनरेटर बंद झाल्यावरच सोडायचं. दामल्यांच्या पायाशी दिवसभर ती बादली लुडबुडायची.

तिसरा हट्ट सगळ्यांत वाईट. दर पाव तासाने बादशहाभाई खिशातून पाना काढून डार्करूमच्या भिंतीवर बाहेरून दोनदा ठोकायचे. ठण, ठण. आतून दामल्यांनी ओ दिलीच पाहिजे. दिली नाही तर तिसऱ्यांदा ठोकायचे आणि मग जनरेटरच बंद. दामल्यांनी सुरुवातीला शिव्या दिल्या, मग डॉक्टरांकडे तक्रार केली, मग गप्प बसून पाहिलं आणि एका हातात ओली फिल्म असताना अंधारात बुडाले. शेवटी त्यांनी एक उत्तर ठरवून टाकलं. ठण, ठण झालं की आतून चिडका आवाज यायचा, "जिवंत आहे हो!" गावातली पोरं त्या आवाजासाठी गाडीभोवती जमायची.

आणि कुणी डोकं दुखतं म्हणालं तर संपलंच. एका एकादशीला उपाशीपोटी दामल्यांनी नुसतं कपाळ दाबलं. बादशहाभाईंनी तत्काळ बेगम बंद केली, दामल्यांना दंडाला धरून लिंबाखाली नेलं आणि अर्धा तास मोकळ्या हवेत बसवलं. "आत हवा पायजे, धूर बाहेर पायजे. उलटं झालं का मानूस संपला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. रांगेतली माणसं तोंडाकडे बघत राहिली. "साबुदाणा खाल्ला असता तरी भागलं असतं हो," दामले कळवळून सांगत होते. त्या दिवसापासून त्यांनी डोकेदुखीचं नावच काढायचं नाही असं ठरवलं.

धुराड्यावरून एकदा मोठा प्रसंग झाला. संस्थेचे साहेब पाहणीला आले. त्यांना ती नळी गाडीवरचा डाग वाटली. परवानगीशिवाय गाडीला काही जोडता येत नाही, आजच्या आज काढा, असा हुकूम झाला. बादशहाभाई "जी साहेब" म्हणाले आणि नळी काढून ठेवली. मग म्हणाले, "साहेब, दोन मिंटं डार्करूममदी बसता का? पंखा लावतो, लई गार हाय." साहेब बसले. बादशहाभाईंनी मोरीचं बूच काढलं, बाहेर येऊन गोणपाटाचा ओला तुकडा पेटवला आणि गाडीखाली जनरेटरच्या तोंडाशी धरला. पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, तेव्हा आत नवी हवा कुठून तरी येणारच. ती त्या भोकातून यायला लागली. एका मिनिटात साहेबांच्या पायाशी मोरीतून पांढरा धूर उगवला. साहेब खोकत बाहेर आले.

"ह्यो गोनपाटाचा धूर दिसतो तरी, साहेब," बादशहाभाई म्हणाले. "बेगमच्या धुरात जे इख असतं, त्याला रंग न्हाई आन् वासबी न्हाई."

साहेबांनी डोळे पुसले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "कागदावर ती नळी मला दिसता कामा नये." एवढ्यावर धुराडं राहिलं. आम्ही तो प्रसंग पुढे कितीतरी दिवस नकला करून सांगायचो. साहेब कसे खोकले, यावरच आमचं सगळं लक्ष.

शबानाचं लग्न ठरलं तेव्हा बादशहाभाईंनी पहिल्यांदा सलग आठ दिवसांची रजा घेतली. त्यांच्या जागी शंकर नावाचा ट्रकवाला आला. मनमोकळा, कष्टाळू, हिंदी गाणी म्हणणारा. जाण्याआधी बादशहाभाईंनी त्याला धुराडं कसं बसवायचं ते दाखवलं आणि पाना खिळ्याला टांगला. मला म्हणाले, "सिस्टर, उदबत्तीचं तुमी बघा. इसरू नका."

मी विसरले नाही. हे मला आजही सांगावंसं वाटतं, आणि सांगताना लाजही वाटते. कर्जतच्या बाजूचं एक लहान गाव होतं. ऊन मी म्हणत होतं. गावाच्या चावडीला पत्र्याची लांब पडवी होती. शंकरने सावली बघून गाडी मागून थेट पडवीखाली घातली. मी उदबत्ती पेटवली. डोक्यावर पदर घेतला, गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या, चारी कोपऱ्यांना ओवाळलं, आणि उरलेली उदबत्ती पुढच्या काचेच्या फटीत खोचून नमस्कार केला. शंकरनेही केला. डॉक्टरसुद्धा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उभे राहिले. बादशहाभाईंच्या मागे आपण त्यांची रीत किती नीट पाळली, या समाधानात मी होते. धूर सबंध वेळ माझ्या हातातून गाडीच्या दाराकडे सरळ आत जात होता. तो मला दिसत होता. पण मी तो बघत नव्हते.

धुराडं पडवीच्या पत्र्याला अडायला लागलं म्हणून शंकरने ते काढून ठेवलं. "संध्याकाळी लावू, बाई," म्हणाला. आणि दामल्यांनी, आज टोकणारं कुणी नाही म्हणून, मोरीचं बूच उपटून टाकलं आणि बादली लाथेने कोपऱ्यात सारली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या पायाला जागा मिळाली होती. आतून गुणगुणल्याचा आवाज येत होता.

मी बाहेर झाडाखाली टेबल टाकून नावं लिहीत होते. तीस-पस्तीस फोटो झाले असतील. बायका गप्पा मारत होत्या, शंकर गात होता, आणि मला सारखं वाटत होतं की काहीतरी चुकल्यासारखं होतंय. मग लक्षात आलं, सकाळपासून ठण, ठण झालेलं नाही. मला हसू आलं. दामल्यांना जरा चिडवावं म्हणून मी उठले, खिळ्याचा पाना काढला आणि भिंतीवर दोनदा ठोकलं.

उत्तर आलं नाही. म्हटलं, रुसले. मी पाना टांगला आणि चार पावलं परत आलेही. पण दामले गप्प राहून रुसणारे नव्हते. ते बोलून रुसायचे. मी मागे फिरले आणि जोरात ठोकलं. मग दोन्ही हातांनी ठोकलं.

"शंकर, जनरेटर बंद कर!"

दाराला आतून कडी होती. शंकरने टॉमीची लोखंडी कांब घालून दार उचकटलं. दामले स्टुलावरून घसरून मोरीपाशी पडले होते, हातात फिल्मचा चिमटा तसाच. त्यांना उचलून आम्ही पडवीतून लांब, माळावर नेलं. चेहरा लालबुंद झाला होता. एरवी पिवळट दिसणारा माणूस इतका टवटवीत मी कधी पाहिला नव्हता, आणि नर्स असल्यामुळे त्या टवटवीचा अर्थ, धुरातलं विष रक्तात भिनलंय हा, मला कळत होता. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून त्यांच्या तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला सुरुवात केली. मी नाडी धरली होती. माझे ओठ आपोआप हलत होते, बोला दामले, बोला, शिव्या द्या.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दामल्यांनी एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले, डोक्यावरचं निळं आभाळ पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाले, "दार कुणी उघडलं? आत बारा फिल्मा उघड्या होत्या." मग ते भडभडून ओकले. डॉक्टर तिथेच मातीत बसले आणि हसायला लागले. मी रडत होते. पाटलांच्या जीपमधून त्यांना नगरला हलवलं. तिसऱ्या दिवशी ते हिंडायला लागले. डोकं सकाळपासूनच दुखत होतं, असं त्यांनी नंतर कबूल केलं. पुन्हा लिंबाखाली बसवतील म्हणून बोललो नाही, म्हणाले. बसवणारा तर भिंगारला लग्नात होता.

बादशहाभाई रजा संपवून आले ते बुंदीच्या लाडवांची टोपली घेऊन. संस्थेच्या नगरच्या आवारात गाडी उभी होती. उचकटलेलं दार त्यांना लांबूनच दिसलं. मी सगळं सांगितलं. माझ्या तीन फेऱ्या, ओवाळणं, नमस्कार, काहीही न लपवता. ते रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. ते टोपली मांडीवर घेऊन गाडीच्या पायरीवर बसले.

"गलती माजी हाय, सिस्टर," म्हणाले. "उदबत्ती कशापायी लावतो ते मी कदी सांगितलंच न्हाई. हवा कुनीकडून वाहती ते धुरावरून कळतं. गाडी आशी लावायची का बेगमचा धूर आपल्यापासून लांब जावा. भिंतीपाशी लावायची न्हाई, छपराखाली तर न्हाईच न्हाई. एवढीच बात. पर लोक चपला काढायचे, नारळ आनायचे, मला मज्या वाटायची. वाटलं, ऱ्हाऊ दे. बादशहाभाई मोठा फकीर!"

मग त्यांनी आम्हाला काशिनाथची गोष्ट सांगितली. वर्कशॉपच्याही आधी, तरुणपणी, ते एका फिरत्या सिनेमाच्या लॉरीवर होते. जत्रेजत्रेने तंबू लावायचा, लॉरीतल्या जनरेटरवर खेळ करायचा. काशिनाथ त्यांचा जोडीदार. थंडीचे दिवस होते. काशिनाथ लॉरीचे पडदे घट्ट लावून जनरेटरच्या उबेला झोपला.

"सकाळी मी चहा घिऊन गेलो. फळीवर दोनदा ठोकलं. बोलला न्हाई. मला वाटलं, दमलाय, झोपू दे. चहा झाकून ठिवला आन् मी तंबू सोडायला गेलो." त्यांनी मांडीवरची टोपली सारखी केली. "तवा धुगधुगी हुती, आसं डाक्टर म्हनला. मी तिसऱ्यांदा ठोकायला पायजे हुतं."

दामले तिथेच उभे होते, गळ्याभोवती मफलर, तोंडावर अजून फिकटपणा. पुढे झाले, टोपलीतला एक लाडू उचलला आणि बादशहाभाईंच्या शेजारी पायरीवर बसून खाल्ला. एकादशी होती त्या दिवशी.

त्यानंतर उदबत्तीची शाळाच सुरू झाली. प्रत्येक गावात आमच्यापैकी एकाने उदबत्ती फिरवायची आणि गाडी कुठे, कशी लावायची ते सांगायचं. डॉक्टर दोनदा नापास झाले. अकोले तालुक्याच्या डोंगरात वारा घिरट्या घालायचा. तिथे शंकरने, तोवर तो संस्थेत कायम झाला होता, तीनदा गाडी हलवली आणि मगच बादशहाभाईंनी मान हलवली. दामले तर गावच्या लोकांना गोळा करून भाषण द्यायचे. हा देव नाही, ही हवा आहे, वगैरे. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग नारळ कुठे फोडायचा ते विचारायचे. बूच काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. ठण, ठण झालं की "जिवंत आहे हो!" येतच होतं, फक्त चिडका सूर जरा मनापासूनचा वाटेनासा झाला होता.

पुढे बादशहाभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रस्ता धूसर दिसायला लागल्यावर त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलं. कुणाला सांगायची वेळ येऊ दिली नाही. त्यांनी नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला आम्ही पाथर्डीच्या बाजूला निघालो होतो. भिंगारमधून जाताना ते आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभे होते, तोच खाकी कोट घालून. शंकरने गाडी थांबवली. त्यांनी धुराड्याच्या कड्या हाताने चाचपल्या, बेगमच्या पत्र्यावर तळहात ठेवला. माझ्याकडून शबानाचं पत्र वाचून घेतलं, एकदाच, कारण उशीर होत होता. तिला मुलगा झाला होता.

मग त्यांनी खिशातून पाना काढला. बेगम बंद होती. डार्करूममध्ये दामले बाटल्या बांधत होते. ठण, ठण.

आतून उत्तर यायला वेळ लागला. बादशहाभाईंनी पाना तिसऱ्यांदा उचलला होता.

"जिवंत आहे हो," दामल्यांचा घोगरा आवाज आला. "जिवंत आहे, बादशहाभाई."

दामले बाहेर आले नाहीत. आम्हीही त्यांना हाक मारली नाही.

गाडी निघाली तेव्हा मी मागच्या खिडकीत बसले होते. ते हात हलवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उदबत्ती पेटवली. आमच्या गाडीचा धूर आता त्यांना एवढ्या लांबून दिसणार नव्हता, म्हणून डोळ्यांजवळ धरून ते त्या उदबत्तीचाच धूर बघत होते. बाजारातून येणारी एक बाई त्यांच्याजवळ थबकली. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

बादशहाभाईंनी तिच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी तिला चपला घालायला लावल्या, उदबत्ती तिच्या हातात दिली आणि धुराकडे बोट दाखवून तिला काहीतरी समजावून सांगायला लागले.